समजावून सांगण्याचा सोस

पदव्युत्तर वर्गात समीक्षा-सिद्धान्त शिकवला जातो तो बहुधा ‘वादां’च्या यादीतून. संरचनावाद, उत्तर-संरचनावाद, विरचना. प्रत्येकाची चार वैशिष्ट्ये, दोन मर्यादा आणि पुढच्या तासाला पुढचा वाद. विद्यार्थ्याला देरिदाविषयी बरेच सांगता येते. देरिदाचे एक पानही त्याने वाचलेले नसते. याचे खापर विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर आणि तयारीवर फोडले जाते. माझ्या मते दोष तेथे नाही. तो समजावून सांगण्यावरील आपल्या अढळ श्रद्धेत आहे. ही श्रद्धा मुळापासून तपासणारा समकालीन विचारवंत म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ झाक रान्सिएर.

रान्सिएर यांचा जन्म १९४० चा, अल्जीअर्सचा. लुई अल्थ्युसर यांचे ते विद्यार्थी. ‘रीडिंग कॅपिटल’ (१९६५) या अल्थ्युसर व त्यांच्या शिष्यांच्या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीत त्यांचाही निबंध आहे. मे १९६८ च्या आंदोलनानंतर मात्र ते गुरूपासून दूर गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी ‘अल्थ्युसरचा धडा’ हे पुस्तक लिहिले. सामान्य माणसाला आपल्या दास्याची कारणे उमगत नाहीत, ती शास्त्र जाणणाऱ्यानेच सांगावी लागतात, या गृहीतकामुळे प्राध्यापकाची गादी तेवढी शाबूत राहते, हा त्यांचा आक्षेप. पुढे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कामगारांचे लेखन त्यांनी अभिलेखागारांतून शोधून काढले. दिवसा सुतारकाम वा शिवणकाम करून रात्री लिहिणारी ही माणसे ‘कामगारांच्या रात्री’ (१९८१) या पुस्तकात भेटतात. त्यांना कोणी विचार पुरवावा लागला नव्हता. ती स्वतः विचार करीत होती.

१९८७ च्या ‘अज्ञानी शिक्षक’ या पुस्तकात हीच दृष्टी वर्गात येते. पुस्तकाचा नायक झोझेफ झाकोतो (१७७०–१८४०). बूर्बों राजसत्ता परतल्यावर त्याला फ्रान्स सोडावा लागला आणि १८१८ मध्ये तो लूव्हाँ विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवू लागला. त्याच्या अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हते आणि त्याला त्यांची फ्लेमिश येत नव्हती. त्याने फेनेलॉनच्या ‘तेलेमाक’ची द्विभाषिक आवृत्ती त्यांच्या हाती ठेवली, अनुवादाच्या आधाराने मूळ वाचायला सांगितले आणि अखेरीस वाचलेल्याविषयी फ्रेंचमध्ये लिहायला लावले. शिक्षकाकडून व्याकरणाचा एकही नियम न शिकता त्यांनी जे लिहिले ते त्याच्या अपेक्षेपलीकडचे होते.

रान्सिएर यावरून जो निष्कर्ष काढतात तो आपल्याला अस्वस्थ करणारा आहे. स्पष्टीकरण ज्या अक्षमतेवर उपाय म्हणून येते, ती अक्षमता स्पष्टीकरणच आधी निर्माण करते. पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये शिक्षक उभा राहिला की विद्यार्थी पहिली गोष्ट शिकतो ती ही की, कोणी सांगितल्यावाचून आपल्याला कळणार नाही. बुद्धीची समता हे शिक्षणाचे अंतिम फळ नव्हे. ते आरंभीचे गृहीतक आहे. शाळा विषमतेचे पुनरुत्पादन कसे करते, हे पिएर बोर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरों यांनी १९७० मध्ये दाखवले; पण विषमतेपासून निघणारा विषमतेपाशीच येऊन थांबतो, असे रान्सिएर यांचे म्हणणे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीला ‘तुझी बुद्धी कोणाहून कमी नाही’ असे सांगून अवघड ग्रंथापुढे एकटे सोडणे हा निर्दयपणा ठरेल. वरच्या वर्गांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या धोरणावर महात्मा फुले यांनी १८८२ च्या हंटर आयोगापुढे टीका केली, तेव्हा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणीही केली होती. समता गृहीत धरणे म्हणजे साधने काढून घेणे नव्हे. झाकोतोनेही विद्यार्थ्यांना रिकाम्या हाती सोडले नव्हते. त्याने व्याख्यान दिले नाही, अनुवाद दिला.

माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. अनुवाद मूळ वस्तूपर्यंत नेतो. स्पष्टीकरण तिची जागा घेते. अनुवादाशी विद्यार्थी भांडू शकतो, शब्द ताडून पाहू शकतो, अनुवादकाची चूकही काढू शकतो. ‘चार वैशिष्ट्यां’शी भांडणार कसे? मराठीत पाश्चात्त्य सिद्धान्तांचा परिचय करून देणारे लेखन पुष्कळ आहे. मूळ ग्रंथांचे सलग अनुवाद त्या मानाने विरळ. परिचयाने लिहिणाऱ्याचा अधिकार वाढतो, अनुवादाने वाचणाऱ्याचा. आपल्या विद्वत्-व्यवहारात यांपैकी कशाला अधिक प्रतिष्ठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

उद्या रान्सिएर अभ्यासक्रमात आले तर त्यांच्याही ‘समतेची वैशिष्ट्ये’ वर्गात उतरवून दिली जातील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच सूचना साधी आहे : एका सत्रात सहा वाद उरकण्याऐवजी एका ग्रंथाची दहा पाने, मराठी अनुवाद आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून, वाचावीत. तुला येथे काय दिसते, त्याविषयी काय वाटते आणि असे कशावरून म्हणतोस, एवढेच शिक्षकाने विचारावे. मात्र उत्तर मिळेपर्यंत सोडू नये. यात शिक्षकाचे काम कमी होत नाही, त्याची गादी तेवढी जाते. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, हेही खरे. पण दहा पाने स्वतःच्या बुद्धीने वाचलेला विद्यार्थी अकरावे पान कोणाला न विचारता उघडेल.