धुक्यावर जगणारा मुलूख

नामिबियाचे वाळवंट आणि अभयारण्ये वाटाड्याच्या सोबतीने पाहत केलेल्या प्रदीर्घ सफरीचा वृत्तान्त या अंकात आम्ही अग्रस्थानी छापीत आहोत, तो केवळ सिंह-हत्तींच्या दर्शनाची हौस भागावी म्हणून नव्हे. अटलांटिकच्या कडेने वाहणाऱ्या बेंग्वेला या शीत प्रवाहामुळे ज्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाही, पण धुके मात्र वारंवार उतरते, तेथे एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली व पार्श्वभाग वर अशा आसनात उभा राहतो आणि अंगावर साकळलेले थेंब ओघळत मुखाशी येईपर्यंत हलत नाही. ही तपश्चर्या धावत्या मोटारीतून दिसावयाची नाही, तिच्यासाठी वाळूवरच्या खुणा वाचणारा जाणता वाटाड्याच हवा.

नामिबियातीलच एतोशाचे अरण्य १९०७ साली जर्मन अंमलात जाहीरनाम्याने राखीव झाले, हे प्रवासी मोठ्या कौतुकाने ऐकतात. त्याच अंमलाखाली त्या सुमारास हेरेरो व नामा लोकांचा संहार चालला होता, हे ऐकण्याची तयारी (आमच्या मते) तिकिटाच्या दामातच गृहीत धरली पाहिजे. पुढे स्वतंत्र नामिबियाच्या १९९६च्या कायद्याने सामाईक जमिनीवरील गावसमूहांना आपल्या हद्दीतील वन्यपशूंवर आणि पर्यटनावर हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली, त्या व्यवस्थेचे बरेवाईट वृत्तान्ताच्या उत्तरार्धात, पुढील अंकी येईल.