हराम आहेच, पण कायदा कसा हवा?

माझा खालाचा मुलगा गेल्या हिवाळ्यात मिरजेहून पुण्याला माझ्याकडे आला. वय २४, दुचाकीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. गाडी विकली म्हणाला, इंजिन गेलं होतं. दुसऱ्या रात्री जेवणानंतर खरं बोलला. १ लाख ४० हजार रुपये गेले होते.

आधी तो एका रमी ॲपवर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, ॲपने पैशांचे डाव बंद केले, शिल्लक रक्कम परतही मिळाली. पंधरा दिवस बरे गेले. मग टेलिग्रामवर एक लिंक आली. तिथे प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर पाठवायचे. एकदा तो १८ हजार जिंकला, म्हणजे पडद्यावर तरी तसं दिसलं. काढायला गेला तर ‘आधी कर भरा’ असा मेसेज. त्याने तोही भरला. पुढचे पैसे लोन ॲपचे.

‘पोलिसात का गेला नाहीस?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘भाई, मीच जुगार खेळत होतो असं सांगायचं? आणि खालूंना काय सांगू? जुगार आणि वर व्याजाचे पैसे?’

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्याच्या या उत्तरातूनच निघालं आहे.

कायदा आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्या ग्रुपवर त्याबद्दल बरंच अर्धवट फिरतं. ‘ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन’ असं त्याचं नाव, पण पैशांच्या खेळांपुरतं त्यात प्रोत्साहनही नाही आणि नियमनही नाही, सरळ बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच त्याने निकालात काढला. पैसे लावून खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या बँका आणि कंपन्याही कचाट्यात येतात. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे माझ्या भावाला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

मी हे सगळं तटस्थपणे लिहीत नाही. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी माझी टीम एका पत्त्यांच्या ॲपच्या कामावर लागली. अकरा महिने मी ते काम केलं. खेळाचा कोड माझ्याकडे नव्हता, माझ्याकडे नोटिफिकेशन होते. जो खेळाडू दहा दिवस फिरकला नाही त्याला बोनस पाठवायचा. कधी पाठवायचा? मागे तो ज्या वेळी सर्वात जास्त पैसे भरत होता त्या वेळी, आणि बहुतेकांची ती वेळ रात्री अकरानंतरची निघायची. पैसे भरायला एक टॅप. पैसे काढायला चार स्क्रीन, आणि चौथ्या स्क्रीनवर ‘रद्द करून खेळत राहा’ हे बटण मोठं आणि हिरवं. सर्वात जास्त हरणाऱ्यांची वेगळी यादी होती, तिचं नाव व्हीआयपी. त्यांना फोन करायला स्वतंत्र माणसं नेमलेली होती.

त्या अकरा महिन्यांचा पगार हलाल होता का, हे मला माझ्या अम्मीने एकदाच विचारलं. मी विषय बदलला.

म्हणून ‘रमी हा कौशल्याचा खेळ’ हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, ते ठीकच आहे. पण तेव्हा न्यायालयासमोर क्लबातलं टेबल होतं. त्या टेबलाला तुमचा पगार कधी होतो हे कळत नव्हतं. आज कौशल्य खेळाडूच्या बाजूला कमी आणि माझ्यासारख्यांच्या बाजूला जास्त आहे.

मग बंदीच योग्य नाही का? जुम्म्याच्या नमाजनंतर हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी मान डोलावली: हराम आहे, सरकारने बंद केलं, उत्तम झालं. जुगार हराम आहे यावर माझा वाद नाही. कुरआनमध्ये दारू आणि जुगाराचा उल्लेख एकत्र येतो, आणि त्यात काही फायदा आहे हे मान्य करूनच नुकसान मोठं असल्याचं सांगितलं आहे. पण हराम काय हे माझ्या इमानाचं प्रकरण झालं. या देशाचा कायदा सगळ्यांसाठी असतो, आणि त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्याने नुकसान कमी झालं का?

बंदीचा अनुभव आपल्या राज्याला नवा नाही. मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. तो लागू असतानाच साठच्या दशकात मुंबईत मटका उभा राहिला, आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आणि नंतर चिठ्ठ्यांवर. तो गिरणगावात पसरला आणि मिरजेतल्या आमच्या गल्लीच्या पानपट्टीपर्यंत आला. ‘ओपन’ काय लागला हे अब्बांच्या दोस्तांना कायद्यामुळे कळायचं थांबलं नाही. मटक्याचं निदान इतकं होतं की पैसे घेणारा माणूस ओळखीचा असायचा. टेलिग्रामवाल्याला तोंड नाही. नवं डोमेन घ्यायला काहीशे रुपये लागतात. सरकारने आज एक साइट बंद केली तर उद्या शेवटी एक आकडा वाढवून तीच साइट उभी राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘महादेव’सह २२ बेकायदा ॲप आणि साइट बंद करायचा आदेश निघाला. सट्टा थांबला असं कुणी म्हणेल का?

शिवाय सरकारचा हात स्वच्छ नाही. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लागतात. शेजारी गोव्यात मांडवीवर कॅसिनोची जहाजं उभी आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑनलाइन डावाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आली आणि सप्टेंबरात याच प्रकारच्या खेळांचा दर ४० टक्के झाला. बंदी असलेल्या गोष्टीचा कर वाढवणं मला तरी समजलेलं नाही. (त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना मिळालं क्रीडा.)

तर पुढे काय होईल? सट्टा आणि जुगार हा राज्यघटनेत राज्यांच्या सूचीतला विषय आहे, चौतिसावी नोंद. केंद्राला हा कायदा करता येतो का, हाच वाद घेऊन कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. उद्या कायदा रद्द झाला तर महाराष्ट्राच्या हातात १८८७ चा तोच कायदा उरतो, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. म्हणजे सगळी ॲप दुसऱ्या दिवशी जुन्याच अटींवर परत, माझ्या त्या नोटिफिकेशनसकट. कायदा टिकला तर माझ्या भावासारखी मुलं टेलिग्रामवर. दोन्ही वाटांवर नियम कुठेच नाहीत.

माझं मत विचाराल तर मोजक्या कंपन्यांना परवाना द्यावा, पण धंदा कंटाळवाणा करून. जाहिरात नाही, बोनस नाही, उधारीचे पैसे नाहीत. महिन्याला भरायच्या रकमेची मर्यादा पॅनला जोडलेली असावी, म्हणजे पाच ॲप घेतली तरी मर्यादा एकच. पैसे काढणं भरण्याइतकंच सोपं हवं. रात्री बंद, जसं तामिळनाडूने मध्यरात्री ते पहाटे पाचपर्यंत केलं आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मान्य केलं. आणि एकदा ‘मला बाहेर काढा’ म्हटलं की सगळ्या परवानाधारक ॲपवर एकदम दार बंद. ब्रिटनमध्ये अशी यंत्रणा आहे. तिथे २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, आणि २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर २५ वर्षांखालच्यांना एका वेळी २ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. पण हेही लक्षात ठेवा की ब्रिटनचा कायदा २००५ चा. आधी जाहिरातींना दार उघडलं आणि मग पंधरा-वीस वर्षं निस्तरत बसले. आपण क्रम उलटा ठेवायला हवा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या २७६व्या अहवालात बंदीलाच पसंती दिली होती, पण ती राबवता येत नसेल तर कडक नियमन करा असं सांगितलं होतं: आधार-पॅनची जोडणी, व्यवहारांवर मर्यादा, सरकारी अनुदानावर जगणाऱ्यांना मज्जाव. तो अहवाल धूळ खात पडला आणि मधली सात वर्षं क्रिकेट संघाच्या जर्सीपर्यंत जाहिराती पोहोचल्या.

यावर ‘मुसलमान असून जुगाराला परवाना मागतोस?’ असं कुणीतरी म्हणणारच. मी मागतो आहे ते नोंद झालेलं दुकान, ज्याच्यावर तक्रार करता येते. आपल्याकडे ‘हराम’ या शब्दाने अनेकांना वाचवलं असेल, पण जो एकदा फसला त्याचं तोंडही त्यानेच बंद केलं. माझ्या भावाने चार महिने कुणालाच सांगितलं नाही, कारण ऐकणारा आधी गुनाह मोजेल याची त्याला खात्री होती.

आम्ही १९३० वर फोन केला. तक्रार घेतली गेली, पण उशीर झाला होता. पैसे परत येण्याची आशा मी त्याला दाखवली नाही. त्याच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा दोघांनी बसून ५०० वर आणली. पगार आता खालाच्या खात्यात जातो. का, हे तिला अजून सांगितलेलं नाही.