स्वयंसेवकाने गाणे ऐकावे कधी?

अरुणाचल प्रदेशातील झिरो येथे २०१२ साली सुरू झालेल्या संगीतमहोत्सवाचे रंगमंच स्थानिक आपातानी कारागीर बांबूचे उभारतात. भोवती भातखाचरे, त्याच पाण्यात मासेही पाळलेले. अशा निसर्गात विनामोबदला राबायला शहरी तरुण उत्सुक असतात, यात नवल नाही. माझ्या दोन विद्यार्थिनी अशाच एका आडगावच्या छोट्या महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून गेल्या होत्या. चार दिवस प्रवेशद्वारी मनगटपट्ट्या बांधल्या, कचरा निवडला. गाणे कानी आले ते पाठीमागून. तरी दोघी आनंदात होत्या.

माझे मन मात्र शंका काढते. आपल्याकडे हरिनाम सप्ताहातही वाढपी फुकटच राबतो. पण तिथे तिकीट नसते, आणि रात्री तोही कीर्तनाला बसतो. (शेवटच्या पंगतीला भाजी पुरत नाही, हे निराळे!) आडरानात वीज, पाणी, शौचालये सारेच बाहेरून आणावे लागते, छोट्या आयोजकाची तिजोरी रिकामी असते, हे मान्य. मग तो हिशेब राबणाऱ्यांसमोर उघडा ठेवायला हरकत कसली? तिकीट लावून सेवाभावाची भाषा बोलणे मला तरी अवघड वाटते. निदान रोज एक सबंध मैफल त्यांना समोर बसून ऐकू द्यावी. त्या दोघींना चार दिवसांत एकही मिळाली नव्हती.