मातीचीही प्रकृती विचारावी

आम्ही पिढीजात शेतकरी. माती दगा देत नाही, असे वडील म्हणतात. शहरातल्या रस्त्याकडेच्या मातीबद्दल मला तसे म्हणवत नाही. आपल्या कॉलेजच्या कुंपणालगत भाजीचे वाफे करायचे चालले आहे. ती भाजी शिपाईमामांच्या घरी, मुलाबाळांत जाणार, म्हणून लिहितो. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. पण धुरातून मातीत बसलेले शिसे कुजत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडेही घातक. नेहमीच्या माती-परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळते. शिसे वेगळे सांगून तपासावे लागते. अहवाल येईपर्यंत पालक-मुळा खात्रीच्या मातीच्या कुंड्यांत लावावा. वांगी-टोमॅटोच्या फळात शिसे फारसे उतरत नाही, तरी ती धुवावीत, हातही धुवावेत. मातीवर माया असेल, तर तिची प्रकृती विचारण्यात संकोच कसला?