प्रोटीन फिरवून पाहता आलं तर? परितेवाडीच्या क्यूआर कोडचा पुढचा टप्पा

अकरावीच्या बायोलॉजीत प्रोटीनच्या रचनेचे चार स्तर शिकवले जातात. मुलं ते पाठ करतात, पण पुस्तकातलं चित्र सपाट असतं. प्रत्यक्षात अमिनो आम्लांच्या माळेला घड्या पडून प्रोटीनला ठरावीक आकार येतो आणि त्यावरच त्याचं काम ठरतं.

आकाराने एवढा काय फरक पडतो?

सिकलसेल आजाराचं उदाहरण घ्या. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी समाजात तो आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच! मग आजार इतका गंभीर का?

थ्रीडी मॉडेल फिरवलं की उलगडा होतो. ही जागा रेणूच्या बाहेरच्या बाजूला आहे. व्हॅलिनला पाणी नकोसं असतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. असे रेणू जोडत जाऊन लांब दोर तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

मॉडेल मिळतं कुठे?

‘प्रोटीन डेटा बँक’ १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनी सुरू झाली. आज तिथे २ लाखांहून जास्त रचना आहेत. त्या मोफत आहेत आणि मोबाइलच्या ब्राउजरमध्येच बोटाने फिरवता येतात.

यात सोलापूर कुठे आलं?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. म्हणजे पुस्तकातून मोबाइलवर जायची वाट तयार आहे. हाच कोड थेट थ्रीडी मॉडेलवर नेऊ शकतो.

मग अडतं कुठे?

या साइट्स इंग्रजीत आहेत. शिवाय मॉडेलमधले रंग आणि फिती समजण्यासाठी असतात, खऱ्या प्रोटीनला ते रंग नसतात. हे सांगितलं नाही, तर मुलं रंगच पाठ करतील. त्यामुळे कोडसोबत मराठीत एक प्रश्न हवा: ‘सहावं अमिनो आम्ल शोधा. ते आत आहे की बाहेर?’ चार-पाच मुलांत एक मोबाइल असला तरी उत्तर शोधता येतं.

व्हिडिओत उत्तर आयतं मिळतं. मॉडेलमध्ये ते शोधावं लागतं, आणि शोधलेलं सहसा विसरत नाही.