घरी बसलेलं मत कुणाचं?

आपल्या लोकशाहीत माणूस निवडायला सांगतात, प्रश्नाचं उत्तर सहसा विचारत नाहीत. नगरसेवक निवडला की पाच वर्षं तो ठरवणार. महाराष्ट्रात याला एक अपवाद आहे, तो म्हणजे दारूचं दुकान. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान सुरू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल इतकं ते सोपं आहे.

अवघड आहे ती अट. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा वॉर्डात १२०० महिला मतदार आहेत. त्यांतल्या ७०० आल्या. ५९० जणींनी आडवी बाटली निवडली, ११० जणींनी उभी. तरी दुकान सुरूच राहतं, कारण ६०१ हव्या होत्या. न आलेल्या ५०० जणी न सांगता उभ्या बाटलीकडे मोजल्या जातात. त्यांत कुणी वारलेली असते, कुणी लग्न होऊन गेलेली, कुणी कामासाठी सुरतला. आपल्या जामनेर तालुक्यात कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान आलं, तर मजुरी बुडवून रांगेत किती जणी उभ्या राहतील?

हाच नियम गोव्याला लावून पाहा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीवचा जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, नको असेल तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला. पण मतदार होते सुमारे ३ लाख ८८ हजार. म्हणजे दोन पानांच्या बाजूने एकूण मतदारांपैकी ४४ टक्केच होते. अख्ख्या प्रदेशाचं भवितव्य ठरवायला हे पुरलं. गल्लीतलं एक दुकान बंद करायला मात्र पुरत नाही!

परवानाधारकाची बाजूही ऐकली पाहिजे. पन्नास जणी आल्या आणि तिघांचा रोजगार गेला, असं होऊ नये. त्यासाठी किमान निम्मं मतदान व्हावं आणि झालेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं लागावीत, अशी अट ठेवता येईल. तीही कडकच आहे, पण तिच्यात गैरहजर बाईच्या नावाने कुणी मत टाकत नाही.

दुसरा आक्षेप चंद्रपूरचा. तिथे २०१५ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली आणि चोरटी विक्री वाढल्याचं सांगत २०२१ मध्ये ती उठवली गेली. आक्षेप खरा आहे. पण बाटलीच्या मतदानात जिल्ह्याने प्यावं की नाही, हा प्रश्नच नसतो. मुली शाळेत जातात त्या रस्त्यावर, आठवडी बाजाराच्या तोंडाशी हे दुकान असावं का, एवढंच विचारलेलं असतं. त्याचं उत्तर मंत्रालयापेक्षा तिथे राहणाऱ्या बाईला जास्त कळतं.

आता थोडं आपल्या घरातलं. असं मतदान उद्या आपल्या मोहल्ल्यात आलं, तर काय ऐकू येईल ते मला माहीत आहे. "आपल्यात दारू हरामच आहे, आपल्या बायकांनी कशाला जायचं?" हरामच आहे, पण आपली पोरं त्या काउंटरवर दिसत नाहीत का? पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी येणारे सगळे दुसऱ्याच समाजाचे असतात का? आणि शेजारच्या गल्लीतली बाई सह्या गोळा करत फिरत असेल, तर आपल्या घरी बसण्याने तिचंच गणित बिघडतं. आपला धर्म दुसऱ्यावर लादायला नव्हे, त्याच रस्त्यावर राहणाऱ्या म्हणून तिच्यासोबत जायचं आहे.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मतदार यादी उघडून अम्मीचं, भाभीचं, बहिणीचं नाव आहे का ते बघा. वारलेल्यांची नावं कमी करायला अर्ज द्या. मतदानाच्या दिवशी घरातलं काम पुरुषांनी दोन तास सांभाळा. बाटली आडवी करायची की उभी ठेवायची, ते तिचं तिला ठरवू द्या. फक्त तिच्या गैरहजेरीने ते ठरू नये.