शेतीपूर्वीचा मनुष्य

मनुष्याच्या सुधारणेस नांगरापासूनच आरंभ झाला, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

स्पेन देशांत आल्तामिरा येथील गुहेच्या छतावर तांबड्या व काळ्या रंगांत बायसन नांवाच्या गव्यासारख्या जनावरांचीं चित्रें आहेत. १८७९ सालीं सौतुओला नांवाच्या गृहस्थाच्या लहान मुलीच्या तीं दृष्टीस पडलीं. तीं अतिप्राचीन आहेत असें पित्यानें प्रसिद्ध केलें. परंतु बहुतेक पंडितांनीं तें मानिलें नाहीं. शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या रानटी मनुष्यास ही कला कोठून येणार, असा त्यांचा आक्षेप! पुढें फ्रान्समध्यें तशींच चित्रें सांपडलीं, तेव्हां १९०२ सालीं कार्तायाक या पंडितानें आपली चूक जाहीरपणें कबूल केली. सौतुओला मात्र १८८८ सालींच निवर्तले होते.

पश्चिम आशियांत धान्याची पेरणी सुरू होऊन सुमारें ११,००० वर्षें झालीं. हीं चित्रें त्याहून जुनीं आहेत. शेतीमुळें गांवें वसलीं, लोकसंख्या वाढली, हें खरें. पण कित्येक ठिकाणच्या आद्य शेतकऱ्यांचे सांगाडे शिकाऱ्यांच्या सांगाड्यांहून खुजे असून त्यांचे दांतही अधिक किडलेले आढळतात. धान्यानें कोठारें भरलीं. बुद्धि व सौंदर्यदृष्टि मात्र मनुष्यापाशीं आधींच होती.

म्हणून आजही रानांतील फळांमुळांवर निर्वाह करणाऱ्या कोणासही 'रानटी' म्हणण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं त्या छताचें स्मरण करावें. ज्या शब्दानें मोठमोठे पंडित फसले, तो आपल्या मुलांच्या तोंडीं न बसेल याची काळजी पालकांनींही घ्यावी, अशी आमची विनंति आहे.